पाहणीत होतं तसंच

ऑस्ट्रियात टिरोलच्या डोंगरातला माणूस बायकोशी खोटं बोलेल, पाद्र्याशी बोलेल, गाय विकताना तर हसत हसत बोलेल. पण शर्यतीच्या दिवशी वॉकी-टॉकीवर तो खोटं बोलणार नाही. तिथं पद्धतच आहे तशी. डाउनहिलमध्ये, म्हणजे स्कीवरून डोंगर उतरायच्या शर्यतीत, टीममधली जी पोरगी आधी खाली पोचते, ती धाप लागलेली असतानाच वॉकी-टॉकी उचलते आणि वर खोपटीत आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या मैत्रिणींना उताराची खबर देते. बर्फाची काच कुठं झालीय, उजेड कुठं कमी आहे, कुठली वाट धरायची, सगळं. वरच्या पोरी त्या खबरीच्या भरवशावर ताशी एकशेवीस किलोमीटरनं स्वतःला खाली सोडतात. त्यात लबाडी करणं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

बुर्गीच्या मनात आलं. नीट विचार करून, ठरवून आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते आलं, जिभेवर बसलं आणि बोलूनही झालं, सगळं मिळून दोन सेकंदांत.

बुर्गीचं खरं नाव नोटबुर्गा. आजीचं नाव लादलेलं, त्यामुळे शाळेपासून पोरं चिडवायची. वय अठ्ठावीस, म्हणजे डाउनहिलच्या हिशोबात म्हातारी नव्हे, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? उजवा गुडघा दोनदा उघडलेला, डावा एकदा, आत दोन स्क्रू. सकाळी ती हॉटेलचा जिना पाठमोरी उतरायची, कारण सरळ उतरताना गुडघे वाकायचेच नाहीत. तासभर सायकल मारली, तेल लावलं, पट्टी आवळली की मग कुठं ती माणसात यायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरचं इंजेक्शन असायचं. एवढं करून दुपारी बर्फावर उभी राहिली की मात्र मागं वळून बघायची नाही.

रेझी तिच्याच खोलीत राहायची. एकवीस वर्षांची, पाय नुसते स्प्रिंगसारखे, अंगावर टाक्याची एक खूण नाही. रोज सकाळी बुर्गीला जिन्यावर पाठमोरी बघून ती वरून ओरडायची, "ए म्हातारे, खाली पोचलीस की पोस्टकार्ड टाक!"

"पोचल्यावर तुझा नाश्ताही खाऊन टाकते, चिमुरडे," बुर्गी खालून म्हणायची.

रेझीला खालची वाट दाखवली तीही बुर्गीनंच. त्या डोंगरावर बोकडउडी नावाची एक जागा आहे. तिथं माणूस चाळीस मीटर हवेत जातो आणि उतरल्या उतरल्या डावीकडे वळावं लागतं. शहाणी माणसं वरून, लांबून वळतात. खालून वळलं तर सेकंदाचे तीन दशांश वाचतात, पण मांड्यांवर असा भार येतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अख्ख्या टीममध्ये खालून जायची हिंमत दोघींचीच, बुर्गीची आणि रेझीची. आता नशिबाचा खेळ बघा. जागतिक स्पर्धेसाठी टीममधून चौघी जाणार होत्या, तिघी ठरल्या होत्या आणि चौथ्या जागेसाठी उरल्या होत्या याच दोघी. जानेवारीतल्या त्या शर्यतीत जी पुढं राहील ती जाणार, असं प्रशिक्षक हार्टविगनं स्वच्छ सांगितलं होतं. रेझीला पुढं दहा वर्षं होती. बुर्गीला ही शेवटची संधी होती आणि तिच्या सर्जननं तिला ते तोंडावर सांगितलं होतं.

सकाळी सगळ्या पोरींनी हळूहळू घसरत उताराची पाहणी केली, एकेक वळण डोळे मिटून पाठ केलं. बोकडउडीखालची खालची वाट तेव्हा स्वच्छ होती.

बुर्गीचा नंबर नववा. वरचा भाग तिनं झकास काढला. बोकडउडीवरून उतरली, खालून वळायला गेली आणि डाव्या स्कीखाली एकदम मऊ काहीतरी आलं. पाहणीनंतर उतार घासणाऱ्या गावकऱ्यांनी खरवडलेला बर्फ त्या वाटेवर ढकलून ठेवला होता. काचेसारख्या उतारावर मऊ बर्फाचा तो ढीग म्हणजे सरळ पाय धरणारा हात. स्की रुतली, बुर्गीचा गुडघा आत वळला, आणि तिच्या त्या तीनदा शिवलेल्या पायांनी कुठून कोण जाणे तिला परत उभं केलं. कुल्ले बर्फाला टेकता टेकता ती वाचली. तेरा वर्षांच्या जिममधल्या घामाचं चीज झालं ते त्या एका क्षणात. खाली आली तेव्हा फळ्यावर आकडा लागला, सहावा. वाईट नव्हता, पण रेझी त्याच्याहून वेगानं येऊ शकत होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं वॉकी-टॉकी उचलला. छाती भात्यासारखी चालली होती.

"हार्टविग, बुर्गी बोलतेय. वर उजेड चांगलाय. दुसऱ्या वळणावर काच आहे, स्कीच्या कडा जोरात मारा. मधल्या सपाटीवर खाली बसून राहा, वारा समोरून आहे."

"कळलं," हार्टविगचा आवाज आला. "थांब, रेझीला विचारायचंय."

मग रेझीचा आवाज, थंडीनं जरा कापरा. "म्हातारे, बोकडउडीचं काय? खालून जाऊ?"

टीममधल्या आधीच्या तिघीही वरून गेल्या होत्या. मधल्या परदेशी पोरीही वरूनच येत होत्या. तो ढीग कुणाला माहीत होता? जगात एका बुर्गीला; तिचा तोल गेला तेव्हा पडद्यावर आधीच्या पोरीचा आकडा दाखवत होते. हार्टविगचा माणूस उडीच्या माथ्यावर उभा होता, त्याला खालचं दिसत नव्हतं.

"जा की," बुर्गी म्हणाली. "पाहणीत होतं तसंच आहे."

"तू देव आहेस!" रेझी म्हणाली आणि बटण सुटल्याचा आवाज आला.

आता खरं सांगायचं तर तिच्या हातात पुरती वीस मिनिटं होती. रेझीचा नंबर तेविसावा. वॉकी-टॉकी हातातच होता, बटण अंगठ्याखाली होतं. 'अगं थांब, एक ढीग आहे' एवढं म्हणायला काय लागतं? ती मनाशी म्हणाली, घासणारे येतील, ढीग उचलतील. मग म्हणाली, मी नाही का निघाले त्यातून? मग म्हणाली, रेझीचे पाय माझ्याहून चांगले आहेत, थोडी डुलेल, दोन दशांश जातील, बस्स. तिला तेवढंच हवं होतं, दोन दशांश. तिनं पाणी प्यायलं, जाकीट घातलं, दोन सह्या दिल्या.

मोठ्या पडद्यावर रेझी दिसली तेव्हा ती अर्ध्या सेकंदानं पुढं होती. बोकडउडीवरून उतरली, खालून वळली. डावी स्की ढिगात गेली आणि तिथंच राहिली; अंग पुढं गेलं. शर्यतीत बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग मुद्दाम आवळून ठेवतात, भलत्या वेळी बूट सुटू नये म्हणून. ते उघडलंच नाही. पाय एकीकडे, रेझी दुसरीकडे, आणि मग सगळा गोळा जाळीवर जाऊन आदळला.

बुर्गीच्या मनात त्या वेळी पहिली गोष्ट काय आली? 'चौथी जागा माझी.' ही पहिली. 'रेझी' ही दुसरी. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःशी हा क्रम उलटा लावून बघायची. तो लागायचा नाही.

पिवळं हेलिकॉप्टर आलं आणि रेझीला इन्सब्रुकला घेऊन गेलं. गुडघ्यातलं मधलं लिगामेंट, आतल्या बाजूचं लिगामेंट आणि गादी, तिन्ही एका झटक्यात गेली होती. हार्टविगनं ढीग बघितला आणि उतार घासणाऱ्या गावकऱ्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "बुर्गी गेली तेव्हा नव्हता! मधेच कुणी गाढवानं ढकलला हा?" गावकरी एकमेकांची तोंडं बघत राहिले. बुर्गी दहा पावलांवर उभी होती. तिनं हेल्मेटचा पट्टा सोडला, परत लावला, परत सोडला.

दवाखान्यात ती दुसऱ्या दिवसापासून जायला लागली. डोंगरात हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. इन्सब्रुक त्याच्या खाली येतं, त्यामुळे डॉक्टर रेझीला "अहो, पाय उचला" म्हणायचे आणि रेझी दुखण्यातही हसायची. बुर्गीला गुडघ्यातलं सगळं कळत होतं, डॉक्टरांपेक्षाही दोन गोष्टी जास्तच. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली कितीही बरं वाटलं तरी नाही, नाहीतर पाय कायमचा वाकडा. संडासात बसताना समोर बादली पालथी घालून त्यावर पाय ठेवायचा. मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची, दिवसातून तीनशे वेळा. आठव्या दिवशी पट्टी सुटली आणि रेझीनं आपली मांडी पाहिली. झाडाच्या बुंध्यासारखी होती ती, आता कातडं लोंबत होतं. रेझी तोंडावर पांघरूण ओढून रडली.

"येते परत," बुर्गी म्हणाली. "माझी तीनदा आलीय."

"तू होतीस म्हणून, बुर्गी," रेझीची आई, आल्वीना, पावाच्या गोळ्यांच्या सारानं भरलेला डबा उघडत म्हणाली. "सख्खी बहीण करणार नाही एवढं तू करतेस. खा, दोन गोळे जास्त टाकलेत तुझ्यासाठी."

बुर्गीनं खाल्ले. स्थानिक पेपरात दोघींचा फोटो आला, बुर्गी रेझीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेली, खाली लिहिलेलं, 'अशी मैत्री'. कुणीतरी तो कापून टीमच्या जेवणाच्या खोलीत लावला. येता-जाता पोरी तिच्या पाठीवर थाप मारायच्या आणि बुर्गीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिव्या खाल्ल्या असत्या तर तिला त्या पचल्या असत्या. हे कौतुक तिच्या अंगाला खाजकुयलीसारखं लागत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी आल्वीना घरी गेलेली असताना दारात लोइस उभा राहिला. उतार घासणाऱ्या गावकऱ्यांचा तो म्होरक्या. सत्तरीला आलेला, बारा गाई, चीज करायचा. काखेत आख्खी चीजची चकती, हातात टोपी, अंगावर चर्चला जायचा कोट.

"पोरी," तो म्हणाला आणि टोपी हातांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं मी उतार घासतोय. चाळीस वर्षांत कुणाचं नख मोडलं नाही माझ्यामुळे. ढीग आम्हीच ठेवला होता, खालच्या अंगाला. पाहणी संपल्या संपल्या ठेवला, पहिल्या नंबराच्या आधी, असं मला वाटतंय. पण हार्टविग म्हणतो मधेच ठेवला, कारण ही बुर्गी गेली तेव्हा नव्हता. म्हणजे माझंच डोकं फिरलं असणार. मला काही आठवेनासं झालंय. म्हातारपण, दुसरं काय. मी टोळी सोडली कालच. माझ्या हातानं आता कुणाचा पाय जायला नको."

त्यानं बुर्गीकडे बघितलं, आशेनं बघितलं, एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं. "नव्हता ना गं, तू गेलीस तेव्हा?"

बुर्गीनं मान हलवली, आणि ती कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. लोइसनं मात्र आपल्याला हवं ते नाही, नको ते घेतलं. "बघ," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, डोकं फिरलंय." चीज खुर्चीवर ठेवून, टोपी डोक्यावर न घालताच तो गेला.

दार लागलं. बुर्गी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण रेझीच्या तोंडाकडे बघून ते बोलणं तिला जमलं नसतं.

"होता," ती म्हणाली.

"काय होता?"

"ढीग. मी गेले तेव्हा होता. मी त्यात अडकले, पडता पडता वाचले. आणि तू विचारलंस तेव्हा... मला कळलं होतं, रेझी. वीस मिनिटं मला कळत होतं."

कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली. बुर्गी वाट बघत होती, शिवी येईल, पाण्याचा ग्लास येईल, काहीतरी येऊन डोक्यात बसेल. तिला ते हवंच होतं. शेवटी ती वळली. रेझी छताकडे बघत होती.

"माझा फोन दे," रेझी म्हणाली.

बुर्गीनं दिला. आता ही हार्टविगला सांगणार, असं तिला वाटलं, आणि खोटं कशाला बोला, तिला थोडं हायसंही वाटलं. संपेल एकदाचं.

"लोइस?" रेझी फोनवर म्हणाली. "रेझी बोलतेय. कुठवर पोचलास? बसथांब्यावर? ऐक. तो ढीग पहिल्यापासून तिथंच होता, तुझं बरोबर आहे. बुर्गी त्याच्या कडेनं गेली, तिला तो दिसलाच नाही; मला मात्र उडीवरूनच दिसला होता. मीच शहाणपणा केला, म्हटलं उडून जाईन त्याच्यावरून. होय रे, खरंच. हार्टविगला मी सांगते. तुझं डोकं जागेवर आहे. आणि टोळी सोडलीस तर याद राख... चीज? चीज मस्त आहे. रडू नकोस रे, बसमधली माणसं बघतील."

फोन ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"हे तू काय केलंस?" बुर्गी म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते. जागा सोडते."

"अजिबात नाही." रेझी पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलली. "तू सांगशील, रडशील, पेपरात येईल. लोक आधी तुला शिव्या देतील आणि महिन्याभरानं म्हणतील, पण पोरीनं कबूल तरी केलं, कसली हिंमत! तू मोकळी. आणि मी? मी जन्मभर ती बुर्गीनं फसवलेली रेझी. मला नाही व्हायचंय ती. मला शर्यत करायचीय."

"मग मी काय करू?"

"जा स्पर्धेला. चौथी जागा हवी होती ना तुला? घे. ती रिकामी सोडलीस तर माझा गुडघा फुकट गेला." ती कोपरांवर उठायला गेली आणि कळवळली. "आणि आता मला संडासला जायचंय. नर्सला बोलवलं तर अर्धा तास येत नाही. उचल."

बुर्गीनं तिला उचललं. दुसरं कोण होतं तिथं? रेझीनं दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले, सगळा भार तिच्या अंगावर टाकला, आणि तोंड मात्र दुसरीकडे फिरवलं. बारा पावलांची वाट. बुर्गीच्या गुडघ्यांतून कळा येत होत्या, आणि त्या येतायत म्हणून तिला बरं वाटत होतं. बादली पालथी घालून तिनं त्यावर पाय ठेवून दिला आणि बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून रेझी हळू आवाजात रडत होती, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

बुर्गी स्पर्धेला गेली. चौदावी आली. हार्टविगला वाईट वाटलं, बुर्गीला वाटलं नाही. लोइस परत उतारावर उभा राहायला लागला, आणि हार्टविग येता-जाता रेझीला बोलायचा, "ढीग दिसला तरी गेलीस? डोकं आहे का खोकं?" रेझी हसून घ्यायची. समोर बुर्गी असली तरी हसून घ्यायची. खोली मात्र तिनं बदलून घेतली. कारण सांगितलं, बुर्गी घोरते.

दहा महिने रेझीनं जे केलं ते डोंगरातल्या कुणी बघितलं नसेल. पहाटे पोहणं, मग सायकल, मग एका पायावर शंभर बैठका, मांडी सेंटीमीटर-सेंटीमीटरनं मोजून परत आणली. डिसेंबरात ती पहिल्या शर्यतीला उभी राहिली. दुसरा डोंगर होता, थंडी उणे अठरा. तिचा नंबर एकतिसावा. बुर्गीचा आठवा.

बुर्गी खाली पोचली आणि स्की काढायच्या आधी तिनं वॉकी-टॉकी उचलला. तिनं सगळं सांगितलं. प्रत्येक वळण, प्रत्येक खाच, चौथ्या झेंड्याजवळ पडलेली हातभर भेग, शेवटच्या उडीवर डावीकडून येणारा वारा, जंगलातल्या सावलीत दिसत नाही असा उंचवटा. दोनदा सांगितलं. हार्टविगला कधी ऐकायला मिळाली नव्हती एवढी लांबलचक खबर झाली.

"बाई गं, कादंबरी लिहितेस का?" हार्टविग हसला. "ऐकलंस ना रेझी? काही विचारायचंय?"

टीमचे सगळे ऐकत होते, वर, खाली, उतारावर.

"हार्टविग," रेझीचा आवाज आला, मजेत असल्यासारखा. "स्विस लोकांना विचार ना जरा, ते काय म्हणतायत."

सगळीकडून हसू फुटलं. स्विसांशी या टीमचं हाडवैर, त्यांना कोण विचारणार? "ऐकलंस का बुर्गी!" कुणीतरी ओरडलं. "तुझ्यापेक्षा स्विस बरे!" बुर्गीनंही हसण्यासाठी तोंड उघडलं, पण हसू फुटेना. थंडीनं दात वाजत होते म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"अगं, थट्टा पुरे," हार्टविग म्हणाला. "निघायची वेळ होतेय."

"थट्टा नाही. विचार."

हार्टविगनं खांदे उडवले आणि शेजारच्या स्विस प्रशिक्षकाकडे गेला. त्यानं सांगितलेलं हार्टविगनं एकेक करून वॉकी-टॉकीवर म्हणून दाखवलं. भेग, वारा, सावलीतला उंचवटा. बुर्गीनं सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

मग कुठं रेझी निघाली.